बाबुराव पेंटर : तिकिटाएवढं चित्र पडद्याएवढं करणारा कोल्हापूरचा कलामहर्षी

वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो आणि त्यावरचा चेहरा ओळखू येत नाही. कारण सोपं आहे. 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो 10 फुटांवर ताणला की एका इंचाला जेमतेम 13 पिक्सेल उरतात. मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं. फोटो मोठा होतो, पण नवा तपशील येत नाही.

छोटं चित्र मोठं करायचं आणि ते स्पष्टही ठेवायचं, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरच्याच एका माणसानं आयुष्यभर हाताळला. ते म्हणजे बाबुराव पेंटर.

3 जून 1890 रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या बाबुरावांचं खरं आडनाव मेस्त्री. चित्रकला आणि शिल्पकला ते घरातच शिकले. नात्यानं भाऊ असलेल्या आनंदरावांसोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. कागदावरचं चित्र भव्य पडद्यावर नेताना प्रत्येक रेघ नव्यानं काढावी लागते. किती बारकावा ठेवायचा, हे शेवटच्या रांगेतला प्रेक्षक किती लांब बसलाय यावर ठरतं.

मग दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांनी स्वतःच कॅमेरा बनवायचं ठरवलं. पण 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी हार मानली नाही. विष्णुपंत दामलेंच्या मदतीनं त्यांनी कॅमेरा पूर्ण केला.

हे सोपं का नव्हतं? फिल्मची एक चौकट साधारण अडीच सेंटीमीटर रुंद, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी. पाच मीटरच्या पडद्यावर ती 200 पट मोठी होते. भिंग जरा चुकलं किंवा फिल्म किंचित हलली, तर ती चूकही 200 पट मोठी दिसते. त्यामुळे स्पष्टपणा चित्रीकरणातच हवा.

त्याच कॅमेऱ्यावर त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' तयार झाला आणि 1920 मध्ये झळकला. पुढे 'सिंहगड' आणि 1925 चा 'सावकारी पाश' आला. सिनेमाची सचित्र पोस्टरंही त्यांनी केली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी त्यांच्याच तालमीत घडली आणि 1929 मध्ये त्यांनी 'प्रभात' उभी केली. 16 जानेवारी 1954 रोजी बाबुराव गेले.

आज आपल्या हातात कॅमेरा आयता आहे, नियम मात्र तेच आहेत. फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही. साइज बदलायची तर दर वेळी मूळ फाइलवरून बदला, आधीच लहान केलेल्या कॉपीवरून नको. लांबी-रुंदीचं प्रमाण लॉक ठेवा. शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि बेतानंच करा. आणि मूळ फोटोच धूसर असेल, तर दुसरा निवडा.