बाबासाहेब आणि पोटगीचा हक्क

हिंदू कोड बिलावरच्या आपल्या व्याख्यानांत राजीनामा येतो, वारसा हक्क येतो. पोटगी क्वचितच येते. बाबासाहेबांच्या आयुष्यातला हा धागा आपल्या वस्तीतल्या बैठकांपर्यंत पोचतो, म्हणून आम्ही तो इथे सांगत आहोत.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. ज्या समाजातून ते आले, तिथे काडीमोड आणि पाट नवे नव्हते. पंच बसत, नवरा-बायको मोकळे होत. मोकळ्या झालेल्या बाईने खायचे काय, याचे उत्तर मात्र बहुधा माहेर हेच असे. फौजदारी कायद्याच्या ४८८ कलमाखाली पोटगी मागता येई, पण महिना १०० रुपयांच्या वर नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथे आपल्याच बायांनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला. बाबासाहेब त्या परिषदेत बोलले. पाच वर्षांनी ते कायदेमंत्री झाले.

घटस्फोटाने धर्म बुडेल, अशी ओरड सभागृहात झाली. त्यावर त्यांचे उत्तर होते की बहुसंख्य हिंदू, म्हणजे ज्यांना शूद्र म्हटले जाते ते, रूढीने घटस्फोट घेतच आले आहेत. पंचांपुढचा आपला काडीमोड असा थेट दिल्लीच्या सभागृहात दाखल्याला उभा राहिला! पण ते रूढीवर थांबले नाहीत. नवरा छळत असेल, सोडून गेला असेल, दुसरी बाई ठेवत असेल, तर वेगळे राहूनही बायकोला पोटगी मागता यावी, हेही त्यांच्या मसुद्यात होते.

१९५१ च्या सप्टेंबरपर्यंत जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि त्यांनी मंत्रिपद सोडले. विवाह कायदा १९५५ साली आला. पोटगीचा कायदा २१ डिसेंबर १९५६ चा, महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी.

हे दोन्ही कायदे बौद्धांनाही लागू आहेत. तरी आपल्याकडे अजून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते. अशा बैठकांना आम्हीही बसलो आहोत. दोन हप्ते येतात, मग फोन लागत नाही, आणि बाईच्या हातात उरतो तो कागद. नुसत्या त्या कागदावर वॉरंट निघत नाही. समेट करावा, जरूर करावा, पण तडजोड कौटुंबिक न्यायालयात नोंदवून तिचा आदेश करून घ्यावा. मासिक पोटगीचा फौजदारी आदेश मोडला तर वसुलीचे वॉरंट निघते आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत बैठकीत बाईला कोणी सांगत नाही.