देवगंधर्व भास्करबुवा बखले

संगीत नाटकांची आवड असणाऱ्या आमच्या ज्ञातिबांधवांस भास्करबुवांचे नाव नवे नाही. परंतु त्यांच्या चाली गुणगुणणाऱ्या पुष्कळांस त्या कशा फुलविल्या जातात, हे ठाऊक नसते.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी गरीब कुटुंबात झाला. गोड गळ्यामुळे ते लहानपणीच किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. पण वयात येताच आवाज फुटला आणि रंगभूमीवरील मान संपला. असा मुलगा बहुधा गाणे सोडून पोटापाण्याच्या मागे लागतो. बुवा मात्र बडोद्यास फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकले, पुढे आग्रा घराण्याच्या नत्थनखाँकडे, आणि स्वतः नामांकित झाल्यावरही अल्लादियाखाँसाहेबांपुढे शिष्य म्हणून बसले. तीन घराण्यांची तालीम एका गळ्यात मुरली.

तिचे फळ १० डिसेंबर १९१६ रोजी रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकात दिसले. भूप रागातील एका ख्यालाच्या चालीवर बुवांनी रुक्मिणीचे पद बसविले. भूपात स्वर अवघे पाच. मध्यम व निषाद वर्ज्य. एवढ्या भांडवलावर गायकाने करावे काय? मुखडा घेऊन समेवर यावे. मग तोच शब्द कधी गांधारावर रेंगाळवून, कधी पंचमाकडून वळवून, कधी बोल मात्रांत निराळे वाटून पुन्हा त्याच मुखड्यास येऊन मिळावे. ओळ तीच, पण दर खेपेस रुक्मिणीच्या मनाची नवी छटा. बुवांचे शिष्य बालगंधर्व एकच ओळ अशी घोळवीत, आणि प्रेक्षक वन्समोअर देता थकत नसत.

बुवांनी चाल उसनी घेतली, असा आक्षेप काही जण घेतात. आम्हांस तो पटत नाही. आमच्या कुरुंद्यास एकादशीच्या भजनात एकच चरण दहा वेळा फिरतो, तरी टाळकऱ्यांस तो शिळा वाटत नाही. शाळेत आम्ही मात्र मुलांकडून प्रत्येक कविता एकाच सुरात घोकून घेतली, याची आता खंत वाटते.

बुवांनी पुण्यास १९११ साली भारत गायन समाज स्थापिला. मास्तर कृष्णरावांसारखे शिष्य घडविले. ८ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ते ऐकावयाचे तर शिष्यांच्याच गळ्यातून.