विश्लेषण : थिबा राजाचे राज्य सागवानाच्या दंडामुळे बुडाले?

रत्नागिरीकरांना थिबा राजा ओळखीचा आहे तो त्याच्या राजवाड्यामुळे. पण ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, हा शेवटचा राजा कोकणात येऊन पडला कसा, याचे उत्तर इरावती नदीच्या नकाशात आणि सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबात सापडते.

गादी कशी मिळाली?

१ जानेवारी १८५९ रोजी जन्मलेला थिबा हा मिंडॉन राजाच्या अनेक मुलांपैकी एक. मठात बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या या मुलाचे नाव वारसांत फारसे घेतले जात नव्हते. १८७८ मध्ये मिंडॉन आजारी पडला, तेव्हा एका महत्त्वाकांक्षी राणीला आणि मंत्र्यांना असाच मुठीत राहणारा राजा हवा होता. राणीची मुलगी सुपयालत त्याची पट्टराणी झाली. फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात सुमारे ८० राजवंशीयांची कत्तल झाली. त्यात थिबाचा हात किती, यावर वाद आहे. डाग मात्र त्याच्याच नावावर लागला.

राज्याची कोंडी काय होती?

१८२६ आणि १८५२ च्या पराभवांनंतर सगळा किनारा, रंगून बंदर आणि त्रिभुज प्रदेशातील भातशेती इंग्रजांकडे गेली होती. मंडालेला तांदूळही खालून आणावा लागे. समुद्राकडे जाणारी वाट इरावतीची आणि तिचे मुख परक्यांच्या ताब्यात! उरले होते घरटी कर, मोगोकची माणके, खनिज तेल आणि साग. शान सरदारांची बंडे व दरोडेखोरी यांमुळे वसुली आटली, तेव्हा दरबाराने लॉटऱ्याही काढून पाहिल्या.

मग युद्ध का पेटले?

मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन वरच्या ब्रह्मदेशातून साग नेत असे. ओंडके कमी दाखवून पैसे बुडवल्याचा ठपका ठेवून १८८५ मध्ये ‘हलुत्तॉ’ या मंत्रिमंडळाने कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. दंड हे निमित्त. त्याच वर्षी जानेवारीत मंडालेने फ्रान्सशी करार केला होता आणि इंग्रजांना खरी धास्ती त्याची होती. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता आला. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालवा, ही त्यातली मागणी मान्य करणे म्हणजे राज्य सोडणेच होते. युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. २८ नोव्हेंबरला थिबा शरण गेला. वरचा ब्रह्मदेश खालसा झाल्याची घोषणा १ जानेवारी १८८६ रोजी, नेमकी त्याच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी झाली. खेड्यापाड्यांतला प्रतिकार मात्र पुढे कित्येक वर्षे सुरू राहिला.

रत्नागिरीत काय झाले?

मद्रासमार्गे १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणले गेले. तनखा अपुरा, म्हणून जडजवाहीर विकण्याची वेळ आली. १९१० मध्ये राजवाडा पूर्ण झाला, पण त्यात तो सहाच वर्षे राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली; पतीचा देह सोबत नेण्याची परवानगी तिला मिळाली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत आले, ते याच समाधीपुढे नतमस्तक होण्यासाठी.