पाहणारा आणि सांगणारा : आल्फ्रेड स्टिगलित्झ

(द्वितीय वर्ष, कला)

चांगले म्हणणे सोपे असते आणि नावे ठेवणे त्याहूनही सोपे असते. मित्राने काढलेले छायाचित्र हातात आले की आपण एक तर छान आहे असे म्हणून ते परत करतो, नाही तर आपले ज्ञान दाखवण्यासाठी त्यातल्या चुका मोजत बसतो. पहिल्या प्रकाराने मित्र सुखावतो, दुसऱ्याने दुखावतो. पण त्याचे पुढचे चित्र काही सुधारत नाही. या दोहोंच्या मधली वाट अवघड आहे. चित्र मनापासून पाहायचे, नेमके कुठे अडले ते सांगायचे आणि त्या माणसाला पुन्हा कामाला लावायचे! या अवघड वाटेवर जवळजवळ अर्धे शतक चाललेला, कधी ठेचाळलेला आणि तरीही थोर ठरलेला एक माणूस म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलित्झ.

त्याचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यू यॉर्कजवळच्या होबोकेन या गावी झाला. वडील जर्मनीहून आलेले ज्यू व्यापारी. लोकरीच्या धंद्यात त्यांनी चांगला पैसा मिळवला आणि मुलांना उत्तम शिक्षण मिळावे म्हणून १८८१ साली सारे कुटुंब युरोपात नेले. आल्फ्रेड बर्लिनच्या तांत्रिक महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकू लागला. तेथेच त्याला प्राध्यापक हेर्मान फोगेल भेटले. छायाचित्राच्या काचेला निळ्याखेरीज इतर रंगही टिपता यावेत यासाठीचा महत्त्वाचा शोध १८७३ साली लावणारे ते हेच फोगेल. त्यांच्या प्रयोगशाळेत हा मुलगा यंत्रे विसरला. १८८३ मध्ये त्याने पहिला कॅमेरा घेतला आणि पुढे सुट्ट्यांत तो पाठीवर टाकून तो इटली-जर्मनीच्या खेड्यांतून हिंडू लागला.

१८८७ साली लंडनच्या 'अमॅच्युअर फोटोग्राफर' या नियतकालिकाने सुट्टीतील छायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. शिक्षणाने डॉक्टर, पण वृत्तीने छायाचित्रकार. स्टिगलित्झने बेलाजिओ या इटालियन गावातील हसऱ्या मुलांच्या घोळक्याचे चित्र पाठवले होते. त्याला पहिले बक्षीस मिळाले. परंतु बक्षिसाहून मोठी गोष्ट म्हणजे एमर्सन यांनी त्याला कारणही कळवले : साऱ्या चित्रांत सहजपणे घडलेले असे हे एकच चित्र आहे. तेवीस वर्षांच्या हौशी मुलाला, तू जिंकलास एवढेच न सांगता तू का जिंकलास हेही एका जाणत्याने सांगावे, याचे मोल किती! आपल्या चित्रात कोणता गुण जपायचा, हे त्याला त्या दिवशी कळले असले पाहिजे.

१८९० मध्ये तो न्यू यॉर्कला परतला. कोडॅक कॅमेरा १८८८ साली बाजारात आला होता. बटन दाबणारे हजारो झाले होते, पण पाहणारे थोडे. शहरात हौशी छायाचित्रकारांची मंडळे होती. सभासद एकमेकांची कामे पाहत, पडद्यावर काचेच्या स्लाइड दाखवत आणि त्यांवर चर्चा करत. स्टिगलित्झ अशाच एका मंडळात दाखल झाला.

त्या चर्चांचा कडू घोटही त्याने घेतला. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यू यॉर्कमध्ये बर्फाचे वादळ चालले होते. हातात धरता येईल असा लहानसा कॅमेरा घेऊन तो फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर तीन तास उभा राहिला आणि बर्फातून वाट काढत येणाऱ्या घोडागाडीचे चित्र त्याने टिपले. ओली निगेटिव्ह घेऊन तो मंडळात गेला, तर सभासद हसले. धूसर आहे, टाकून दे, असा त्यांचा सल्ला पडला. त्याने ती टाकली नाही. नको असलेला भाग कापून त्याने तिचे प्रिंट काढले आणि 'विंटर, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू' हे चित्र पुढे त्याच्या नामांकित चित्रांत गणले गेले. हसणाऱ्यांची दृष्टी अधू होती असे नाही. चित्र स्पष्टच असले पाहिजे, एवढा एकच नियम त्यांना पाठ होता. समोर काय आहे हे पाहण्याआधी त्यांनी नियम पाहिला, इतकेच!

१८९६ साली दोन मंडळे एकत्र येऊन न्यू यॉर्कचा कॅमेरा क्लब स्थापन झाला आणि १८९७ पासून त्याचे 'कॅमेरा नोट्स' हे त्रैमासिक स्टिगलित्झ चालवू लागला. सभासदांच्या हालचालींची वार्तापत्रिका निघावी, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. त्याने मात्र निवडक चित्रे आणि परखड समीक्षा छापली. जपानमध्ये जन्मलेला साडाकिची हार्टमान यासारखा कलासमीक्षक त्यात लिहू लागला. साध्या हौशी माणसाच्या चित्राकडे समीक्षकाने गंभीरपणे पाहावे, ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती.

पण येथेच कुरबुरीही सुरू झाल्या. आमचेच मासिक आणि त्यात आमचीच चित्रे नाहीत, हा सभासदांचा राग अगदीच गैर म्हणता येणार नाही. स्टिगलित्झचा स्वभाव एककल्ली आणि हुकूमशाही थाटाचा. नापसंतीमागचे कारण समजावून सांगायला त्याच्याकडे सर्वांसाठी वेळ नसे. १९०२ मध्ये त्याने 'कॅमेरा नोट्स' सोडले, 'फोटो-सिसेशन' हा आपला वेगळा गट काढला आणि १९०३ पासून 'कॅमेरा वर्क' हे देखणे नियतकालिक सुरू केले. १९०८ साली तर कॅमेरा क्लबने त्याला सभासदत्वावरून काढूनच टाकले. त्याने कायद्याची भाषा करून सभासदत्व परत मिळवले आणि मग स्वतःहून राजीनामा दिला! पुढे गर्ट्रूड केझबिअरसारखी गुणी छायाचित्रकारही दुरावली. १९१२ मध्ये तिने गट सोडला. दुसऱ्याचे काम पारखताना आपल्या आवडीलाच न्याय समजण्याची खोड त्याला होती, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे.

मग त्याची थोरवी कशात? ती दिसते एकेका माणसाशी झालेल्या त्याच्या भेटींत.

१९०० साली एकवीस वर्षांचा एडवर्ड स्टायकेन पॅरिसला जाता जाता न्यू यॉर्कला थांबला. मिलवॉकीत लिथोग्राफीच्या छापखान्यात काम करणारा हा तरुण आपली चित्रे घेऊन स्टिगलित्झकडे आला. स्टिगलित्झने ती पाहिली आणि त्यांतली तीन प्रत्येकी पाच डॉलरला विकत घेतली. कधी कधी पसंती शब्दांनी सांगण्यापेक्षा खिशात हात घालून सांगावी लागते, हे त्याला ठाऊक होते. १९०५ मध्ये २९१, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू येथे त्याचे लहानसे चित्रदालन उघडले, तेव्हा हाच स्टायकेन त्याचा उजवा हात झाला.

या दालनात १९०७ च्या सुमारास लुइस हाइन नावाचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांत पॉल स्ट्रँड नावाचा मुलगा होता. भिंतीवरची चित्रे पाहून त्याने छायाचित्रकार व्हायचे ठरवले. पुढे काही वर्षे तो अधूनमधून आपली चित्रे स्टिगलित्झला दाखवायला येई. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तो प्रतिमा मुद्दाम धूसर करणारे भिंग वापरत असे. स्टिगलित्झने त्याला चांगले किंवा वाईट असा शेरा दिला नाही. या भिंगामुळे गवत, पाणी, झाडाची साल सारे एकसारखे दिसू लागते आणि प्रत्येक वस्तूचे स्वतःचे रूप हरवते, हे त्याने दाखवून दिले. भिंगाचे तोंड बारीक करून पाहा, असा उपायही सुचवला.

या सल्ल्याकडे जरा बारकाईने पाहू. त्यात दोष आहे, दोषाचे कारण आहे, त्यामुळे होणारे नुकसान आहे आणि उद्यापासून करून पाहण्याजोगा उपाय आहे. स्ट्रँडच्या बुद्धीवर वा लायकीवर एक अक्षर नाही! स्ट्रँड परत गेला आणि कामाला लागला. १९१५ साली त्याने आणलेली चित्रे पाहून स्टिगलित्झ इतका हर्षित झाला, की १९१६ मध्ये त्याने त्यांचे प्रदर्शन भरवले. 'कॅमेरा वर्क'चा १९१७ सालचा शेवटचा अंकही स्ट्रँडलाच वाहिला. त्या नियतकालिकाचे वर्गणीदार एकेकाळी हजाराच्या घरात होते. शेवटी ते चाळिशीच्याही खाली आले होते. दिवा विझता विझता त्याने आपला सारा उजेड एका तरुणावर टाकला.

त्याच्या पाहण्याची रीत ॲन्सेल ॲडम्सने पुढे सांगितली आहे. १९३३ साली तो आपल्या चित्रांची पेटी घेऊन स्टिगलित्झच्या 'ॲन अमेरिकन प्लेस' या दालनात गेला. स्टिगलित्झने एकेक चित्र शांतपणे पाहिले, पेटी मिटली, पुन्हा उघडली आणि सारी चित्रे पहिल्यापासून पाहिली. मगच तो बोलला, आणि बोलला ते कौतुकाचे. १९३६ मध्ये त्याने ॲडम्सचे प्रदर्शन मांडले. एलियट पोर्टर हा तर हार्वर्डमध्ये काम करणारा डॉक्टर आणि हौशी छायाचित्रकार. त्याला स्टिगलित्झने वर्षानुवर्षे अजून मेहनत कर म्हणूनच परत पाठवले. १९३८ साली मात्र चित्रे ठेवून घेतली आणि प्रदर्शन भरवले. त्यानंतर पोर्टरने प्रयोगशाळा सोडली आणि आयुष्य छायाचित्रणाला दिले.

स्वतःवरच्या टीकेलाही त्याने कामातून उत्तर दिले. समोरच्या माणसांवर मोहिनी घालून तो प्रभावी चित्रे काढतो, असे वॉल्डो फ्रँक या लेखकाने सुचवले होते. तेव्हा १९२२ पासून त्याने आपला कॅमेरा ढगांकडे वळवला. ढगांवर कोण मोहिनी घालणार? 'इक्विव्हॅलंट्स' ही त्याची ढगांची मालिका अशी जन्मली. १९२४ मध्ये भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने बोस्टनच्या कलासंग्रहालयाने त्याची २७ छायाचित्रे स्वीकारली. ज्या कलेला यंत्राची करामत म्हणून हिणवले जाई, तिला संग्रहालयाची दारे अशी उघडली. त्याच वर्षी चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिच्याशी त्याचा विवाह झाला. १३ जुलै १९४६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचे न्यू यॉर्कमध्ये निधन झाले.

हे चरित्र आपल्या अंकात कशासाठी? आपल्यापैकी कित्येकांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे आपण पहिलेच. आपण लिहिलेला निबंध, काढलेले चित्र आई-वडील कौतुकाने हातात घेतात. पण त्यात कुठे काय कमी आहे, हे त्यांना सांगता येत नाही. परीक्षेत गुण मिळतात, कारण मिळत नाही. अशा वेळी आपला जाणता वाचक आणि आपला जाणता प्रेक्षक कोण? आपणच एकमेकांचे! भित्तिपत्रकासमोर उभे राहून केवळ छान म्हणणारा मित्र आपल्याला तिथेच ठेवतो आणि हसणारा मित्र आपल्याला घरी पाठवतो. दोनदा पाहून मग बोलणारा, कारण सांगणारा आणि सुधारलेले काम घेऊन आल्यावर स्वतः पुढे होऊन भिंतीवर लावणारा मित्र मिळाला, तर तेवढ्याने एखादा स्ट्रँड घडू शकतो.

स्टिगलित्झचा हट्ट आणि हुकमत आपण त्याच्यापाशीच ठेवू. त्याची ती पेटी दुसऱ्यांदा उघडण्याची सवय मात्र अवश्य उचलू.