ओळख थोरांची : गर्ट्रूड एलियन



एखाद्या आजोबांच्या कमरेवर एकाच बाजूला आग होणारे, पाणी भरलेले फोड येतात. आपण त्याला नागीण म्हणतो. इथले लोक ग्युर्टेलरोझ, म्हणजे शब्दशः कमरपट्ट्याचा गुलाब म्हणतात. एकाला साप दिसला, दुसऱ्याला फूल! खरे तर हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी लपून राहतो आणि उतारवयात पुन्हा डोके वर काढतो. ओठांवर वरचेवर फोड आणणारा विषाणूही ह्याच हर्पिस घराण्यातला. ह्या घराण्याला लगाम घालणारी गोळी ज्यांच्यामुळे मिळाली, त्या गर्ट्रूड एलियन यांची ओळख ह्या वेळी करून देत आहोत.

गर्ट्रूडचा जन्म 23 जानेवारी 1918 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील लिथुआनियातून आलेले दंतवैद्य, आईही पूर्व युरोपातून आलेली. म्हणजे तुमच्यासारखीच तीही परदेशात स्थायिक झालेल्या आईवडिलांची मुलगी. ती 15 वर्षांची असताना तिचे लाडके आजोबा कर्करोगाने गेले. आपण रोगांवर औषधे शोधायची, असे तिने तेव्हाच ठरवले.

हंटर कॉलेजात फी नव्हती, म्हणून शिकता आले. 1937 साली रसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळाली. पण मुलगी म्हणून प्रयोगशाळेत कोणी घेईना. तिने बिनपगारी काम केले, शाळेत शिकवले, एका किराणा कंपनीत लोणच्याचा आंबटपणासुद्धा तपासला! ह्याच काळात, ज्याच्याशी तिचे लग्न ठरले होते तो तरुण हृदयाच्या जंतुसंसर्गाने वारला. पेनिसिलिन सर्वांना मिळायला अजून काही वर्षे होती. तिने पुढे लग्न केले नाही.

1944 साली बरोज वेलकम ह्या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली तिला जागा मिळाली. संध्याकाळी पीएच.डी.चा अभ्यास चालू होता. पूर्णवेळ या, नाहीतर सोडा, असे संस्थेने सांगितल्यावर एलियनबाईंनी नोकरी निवडली आणि पीएच.डी. राहून गेली.

त्यांची युक्ती अशी होती. पेशींना वाढताना डीएनए बांधावा लागतो. त्याच्या विटेसारखी दिसणारी खोटी वीट दिली, की बांधकाम थांबते. ह्या युक्तीतून 1953 साली मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे औषध आले.

विषाणू मात्र आपल्याच पेशीत राहतो. त्याला मारताना पेशीही मरेल, असे बहुतेकांना वाटे. 1970 नंतरच्या दशकात एलियनबाई आणि हॉवर्ड शेफर आदी सहकाऱ्यांनी असायक्लोव्हिर पुढे आणले. ही खोटी वीट एरवी निरुपद्रवी असते. हर्पिस विषाणूचे स्वतःचे विकर, म्हणजे एन्झाइम, तिला चालू करते. म्हणून निरोगी पेशींना फारसा धक्का न लागता विषाणूचेच बांधकाम थांबते. चोराने स्वतःच्या हाताने कुलूप लावून घ्यावे, तसे!

अमेरिकेत 1982 साली मलम आणि 1985 साली पोटात घेण्याचे औषध मंजूर झाले. गोळीचा साधारण पाचवा भागच रक्तात पोचतो, म्हणून ती दिवसातून 5 वेळा घ्यावी लागे. 1995 साली आलेल्या व्हॅलासायक्लोव्हिरमुळे हा त्रास कमी झाला. लपलेला विषाणू मात्र ह्या गोळ्यांनी निघून जात नाही.

1988 साली एलियनबाईंना हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पीएच.डी. नसलेल्या बाईंना अनेक विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. 21 फेब्रुवारी 1999 रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या ब्राउनश्वाइगमध्येही हेल्महोल्ट्झ संसर्ग संशोधन केंद्रात हर्पिस घराण्यातील विषाणूंवर संशोधन चालते.

आता एक कामगिरी. नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. पण लेप लावत बसून दिवस घालवणेही बरे नव्हे. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत गोळी सुरू झाली तर सर्वांत चांगला उपयोग होतो, आणि डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ह्या आठवड्यात आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा एवढे नक्की सांगा. मराठीतून हं!