प्रवाळांचा अभ्यासक : डार्विन

डार्विनचे नाव निघाले की वर्गात माकडाचा विनोद ठरलेला! पण त्याने आधी लौकिक मिळवला तो प्रवाळांवर. उल्हासनगर-अंबरनाथकडे प्रवाळ भेटते ते सराफाकडे, मंगळाच्या अंगठीत. समुद्रात भिंती बांधणारे प्रवाळ त्याचेच भाऊबंद.

डार्विन जन्मला १८०९ साली, इंग्लंडात. वैद्यकी अर्ध्यावर सोडून तो धर्मोपदेशक व्हायला केंब्रिजला गेला आणि १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावर चढला. प्रवाळभिंत पाहण्याआधीच त्याला कल्पना सुचली होती : बेट सावकाश खचते, प्रवाळ उजेडाकडे वाढत राहतात, बेट बुडते, कडे उरते. १८३६ च्या एप्रिलात कोकोस बेटांपाशी शिशाच्या वजनाला चरबी फासून तळ चाचपला गेला. दहा वावांपर्यंत चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उठले. त्याखाली वाळूच अधिक. किती साधे साधन! १८४२ साली ग्रंथ निघाला. १८८२ मध्ये तो वारला; त्याचे म्हणणे खरे ठरले १९५२ साली, एनिवेटोक बेटावर बाराशे मीटरांहून खोल भोक पाडल्यावर.

प्रवाळांना रंग आणि बरेचसे अन्न देणारे सूक्ष्म शैवाल त्यांच्या अंगात राहते, हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की ते शैवाल निघून जाते आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. १९९८ साली लक्षद्वीपला हेच झाले. पुढे आपल्या मालवणलाही. आता उपग्रह पाण्याची उष्णता मोजतात, पाणबुडे पांढरे पडलेले प्रवाळ मोजतात. खचणाऱ्या बेटाने प्रवाळांना लाखो वर्षे दिली होती. तापलेले पाणी महिनाभरही देत नाही.