अप्सरेचे शिल्पकार

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. चित्रकलेची व संगीताची गोडी त्यांना बालपणीच लागली. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. यंत्रविद्येत प्रथम वर्ग मिळवून त्यांनी वडिलांचा शब्द राखला. पण मनाची ओढ पदार्थविज्ञानाकडे होती, आणि पुढे त्यांनी तोच मार्ग धरला. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांची कीर्ती युरोपात पसरली. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले व परतीची वाट बंद झाली. ही अडचण देशाला मात्र फलदायी ठरली. १९४५ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली.

पुढे भाभांनी मुंबईजवळ तुर्भे येथे अणुभट्टी बांधण्याचे मनावर घेतले. युरेनियमचे अणुकेंद्र फुटले की प्रचंड उष्णता निघते. ती सतत काढून न घेतल्यास इंधनच वितळू लागते, आणि मग घातक किरणे बाहेर पसरण्याचे भय! म्हणून या भट्टीचा गाभा सुमारे ८ मीटर खोल पाण्याच्या हौदात टांगण्यात आला. तेच पाणी उष्णता शोषून घेई व किरणांनाही अडवी. इंधन इंग्लंडहून आले. भट्टी मात्र भारतीय इंजिनिअरांनी दीड वर्षाच्या आत उभारली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. पंडित नेहरूंनी तिचे नाव ‘अप्सरा’ ठेवले.

तारापूरच्या वीजकेंद्रासाठी निवडलेल्या भट्ट्यांत पाणी प्रत्यक्ष उकळते. तेथे पाणी आणि वाफ एकत्र वाहतात, आणि खरी कसोटी येथेच आहे. घावने घालण्यापूर्वी खूप तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे, तर थेंब लगेच आटत नाही. स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तो नाचत राहतो. इंधनाच्या कांडीभोवती असा वाफेचा थर बसला, तर पाणी तिला स्पर्शही करू शकत नाही व कांडी भडकत्या वेगाने तापते. हे कोठे व केव्हा घडेल, हे आधीच कळावे लागते. त्यासाठी प्रवाहाचे असंख्य लहान भाग कल्पून क्षणाक्षणाचा हिशेब करावा लागतो. हाताने तो कधीच पुरा होणार नाही. आज तो संगणक करतात. देशात बांधलेला पहिला अंकीय संगणक, ‘टिफ्रॅक’, भाभांच्याच संस्थेत १९६० मध्ये काम करू लागला होता.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असता माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून भाभांचा अंत झाला. तारापूरची वीज १९६९ मध्ये वाहू लागली. ती पाहण्यास ते नव्हते.